पदवीआधी एक करार पुरता वाचू द्या : बेळगाव जिल्ह्यातील कायदा महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, प्राध्यापकवर्ग आणि संस्थाचालक,
कायदा महाविद्यालये, बेळगाव जिल्हा

स. न. वि. वि.

निकालाचा हंगाम आला की आपल्या महाविद्यालयांच्या दारावर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर हल्ली एका नव्या प्रकारचा फलक दिसतो. अमुक विद्यार्थ्याची मुंबईच्या किंवा बेंगळूरच्या नामांकित लॉ फर्ममध्ये असोसिएट म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. त्याखाली फोटो आणि फोटोखाली वार्षिक पॅकेजचा आकडा. आकडा खोटा नसतो. अगदी मोठ्या फर्ममध्ये नव्या असोसिएटला, म्हणजे फर्मच्या कनिष्ठ वकिलाला, वर्षाकाठी १५ लाखांच्या वर मिळतात, आणि ज्या घरातले वडील उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळीवर जातात त्या घरात या आकड्याचे मोल काय असते, हे आपल्याला मी सांगायला नको. परंतु हे पैसे नेमक्या कोणत्या कामाचे मिळतात, ते काम करायला काय यावे लागते आणि कोणत्या अटींवर ते करावे लागते, याबद्दल फलकावर एक अक्षर नसते आणि माझ्या अनुभवाप्रमाणे वर्गातही फारसे बोलले जात नाही.

मी याच क्षेत्रात आहे. शाळा शहापुरात मराठी माध्यमातून झाली, कायद्याचे शिक्षण बेळगावातच झाले आणि सध्या मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये सीनियर असोसिएट म्हणून मी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे आणि गुंतवणुकीचे व्यवहार पाहतो. नव्याने येणाऱ्या असोसिएटांचे मसुदे तपासणे हा माझ्या कामाचा एक भाग असल्यामुळे आपल्याकडून आणि इतर ठिकाणांहून येणारी मुले कुठे अडखळतात, हे मला रोज दिसते. त्यावरून आपल्याला एकच विनंती करावीशी वाटते. पदवी हातात पडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरा, पूर्ण लांबीचा करार पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत हातात पेन घेऊन वाचलेला असावा. आणि फर्ममध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्याने त्याशिवाय आणखी एक कागद तितक्याच बारकाईने वाचलेला असावा, तो म्हणजे फर्म त्याच्याशी जो करार करते तो.

ही विनंती आपल्याकडेच का, याला थोडी पार्श्वभूमी आहे. १९३९ साली बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज सुरू झाले तेव्हा हा जिल्हा मुंबई प्रांतात होता आणि अपिलाची वाट मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे जात होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ती बेंगळूरकडे वळली, २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले आणि २०१३ पासून ते कायम झाले. या सगळ्या काळात आपण घडवलेला वकील हा मुख्यतः कोर्टाचा वकील राहिला आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या कॉलेजातून पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या शिकून गेले, तिथल्या परंपरेबद्दल मी काय बोलावे? सीमाभागातल्या मराठी मुलाच्या कानावर तर सर्वोच्च न्यायालय हा शब्द शाळेतच पडतो, कारण २००४ सालचा महाराष्ट्राचा दावा हा घरोघरी बोलण्याचा विषय आहे. कायदा म्हणजे दावा, कैफियत, तारीख आणि निकाल, हे चित्र इतके ठसलेले असते की दावा होऊच नये म्हणून आधी लिहिल्या जाणाऱ्या कागदाचाही एक मोठा व्यवसाय आहे, हे मुलांना फार उशिरा कळते.

कॉर्पोरेट विभागातला असोसिएट न्यायालयात जवळपास कधीच उभा राहत नाही. त्याचा काळा कोट सनद मिळाल्याच्या फोटोपुरता उरतो. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, तेव्हा घेणाऱ्याच्या वतीने विकल्या जाणाऱ्या कंपनीची सारी कागदपत्रे तपासायची असतात, आणि हे ड्यू डिलिजन्सचे काम प्रामुख्याने असोसिएटच्याच अंगावर पडते: कर्जाचे करार, भाडेकरार, परवाने, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, सभासद नोंदवही, चालू खटल्यांची यादी, जमिनीचे कागद. त्यानंतर शेअर खरेदीचा करार, भागधारकांमधला करार, हमींना असलेले अपवाद उघड करणारे विकणाऱ्याचे डिस्क्लोजर लेटर, व्यवहार पूर्ण होण्याआधी पाळायच्या अटींची यादी आणि क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशी लागणारे ठराव व सह्यांची पाने तयार करायची. गुंतवणूकदार परदेशी असेल तर नवे शेअर दिल्यापासून ३० दिवसांच्या आत एफसी-जीपीआर, आणि जुन्या शेअरांचे हस्तांतरण असेल तर ६० दिवसांच्या आत एफसी-टीआरएस हा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे दाखल झाला की नाही, हेही पाहायचे. या सगळ्यात वक्तृत्वाला वाव नाही. नजर मात्र लागते, आणि चिकाटी.

ही नजर म्हणजे काय, ते जवळून दाखवतो. समजा, करार दीडशे पानांचा आहे आणि रात्री साडेदहाला समोरच्या वकिलांकडून सुधारित मसुदा लाल-निळ्या रेघांनी भरून आला आहे. त्यांनी कलम ६.४ गाळले आहे, त्यामुळे पुढची कलमे एकेका क्रमांकाने वर सरकली, पण परिशिष्ट ३ मध्ये अजून "कलम ६.७ मध्ये सांगितल्याप्रमाणे" असेच राहिले आहे आणि ६.७ च्या जागी आता भलतेच कलम येऊन बसले आहे. ज्या मुदतीत व्यवहार पूर्ण झाला नाही तर करार संपुष्टात येतो, ती लाँग स्टॉप डेट व्याख्यांच्या पानावर ९० दिवसांवर आणलेली आहे, पण सरकारी मंजुरीला उशीर झाल्यास काय करायचे हे सांगणाऱ्या कलमात १२० दिवस तसेच आहेत. विकणाऱ्याच्या जबाबदारीची कमाल मर्यादा ठरवणाऱ्या वाक्यात कुठल्याशा कोपऱ्यात "एकत्रितपणे" हा एक शब्द वाढला आहे आणि त्यावर लाल रेघही नाही, कारण तो आधीच्या फेरीत घुसला होता. हे तीनही दोष सकाळी नऊपर्यंत पार्टनरच्या टेबलावर टिपणासह गेले पाहिजेत. कंत्राट कायदा, १८७२ मधले कलम १२४ ज्याला तोंडपाठ आहे, असा पहिल्या श्रेणीचा विद्यार्थीही इथे भांबावतो, कारण प्रत्यक्षातले नुकसानभरपाईचे कलम चार-पाच पानांचे असते, त्यात दाव्याची किमान रक्कम, कमाल मर्यादा, मुदत, नोटीस देण्याची पद्धत, विमा मिळाल्यास वजावट अशा एकात एक अडकलेल्या तरतुदी असतात, आणि असे कलम त्याने आयुष्यात कधी पाहिलेलेच नसते.

आता हे शिकवायला जागा कुठे आहे, असे आपण विचाराल. जागा आहे आणि ती बार कौन्सिल ऑफ इंडियानेच करून ठेवलेली आहे. विधी शिक्षणाच्या २००८ च्या नियमांनुसार ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंग हा विषय सक्तीचा आहे आणि त्यात मसुदालेखनाचे किमान १५ सराव ४५ गुणांना, दस्तऐवज लेखनाचे १५ सराव ४५ गुणांना आणि तोंडी परीक्षा १० गुणांना अशी योजना सुचवलेली आहे. हेतू उत्तम आहे. पण देशभरातल्या बहुसंख्य महाविद्यालयांत या विषयाचे काय होते, ते आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. वरच्या वर्गाची वही खालच्या वर्गाकडे येते, विक्रीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र असे सगळे दस्त सुवाच्य अक्षरात उतरवले जातात, लाल शाईने समास आखला जातो, आणि त्या वहीतली मिळकत वर्षानुवर्षे त्याच चतुःसीमांत पडून असते. लिहिणाऱ्याने आपल्या हाताखालून काय गेले हे वाचलेले नसते. तपासणाऱ्याला इतक्या वह्या तपासायच्या असतात की त्यानेही वाचावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

माझी सूचना अशी की, सरावांची संख्या आणि गुण जसे आहेत तसेच ठेवून दस्तऐवज लेखनाचे बरेचसे सराव एकाच मोठ्या कराराभोवती बांधावेत. एका आठवड्यात फक्त व्याख्यांचे पान घ्यावे आणि व्याख्या केलेली प्रत्येक संज्ञा करारात पुढे कुठे कुठे वापरली आहे ते शोधायला लावावे. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम एक कलम गाळून बिघडलेले संदर्भ दुरुस्त करायला द्यावेत. पुढे अर्धा वर्ग विकणाऱ्याच्या बाजूने आणि अर्धा घेणाऱ्याच्या बाजूने बसवून एकाच कलमावर दोन्हीकडून दुरुस्त्या करून घ्याव्यात. विषय इथलाच घ्यावा. उद्यमबागेत दोन भावांनी उभी केलेली खासगी कंपनी, दोघांच्या मुलांमध्ये आता शेअर कुणी कुणाला विकायचे यावरून कुरबूर, हा प्रसंग आपल्या विद्यार्थ्याला परका नाही. त्यावर व्ही. बी. रंगराज विरुद्ध व्ही. बी. गोपालकृष्णन हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला द्यावा; तिथेही एका कुटुंबाच्या खासगी कंपनीत दोन शाखांनी शेअर कुणाला विकायचे याबद्दल आपसात ठरवले होते, पण ते कंपनीच्या नियमावलीत लिहिलेले नव्हते म्हणून ते बंधन टिकले नाही. भागधारकांचा करार आणि कंपनीची नियमावली हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून का वाचावे लागतात, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागणार नाही.

इंग्रजीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण आपल्या मुलांचा धीर सर्वांत आधी तिथे सुटतो. घरी मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि शिवाय हिंदी, अशा मुलाला कायदा मात्र इंग्रजीतून शिकावा लागतो आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेल्या मुलांसमोर तोंड उघडायचे म्हटले की तो गप्प बसतो. यावर उपाय म्हणून संभाषण कौशल्याचे वर्ग घेतले जातात. ते मला चुकीच्या जागी लावलेले औषध वाटते. पहिली एक-दोन वर्षे असोसिएटला अशिलासमोर बोलण्याची वेळ क्वचितच येते. कॉल चालू असताना तो टिपणे घेत असतो. त्याची पारख होते ती त्या टिपणावरून आणि त्याने पाठवलेल्या ईमेलवरून. दहा पानांचे कलम वाचून "यात आपल्या अशिलाला धोका कुठे आहे" हे दहा ओळींत, साध्या वाक्यांत आणि बरोबर क्रमांकांसह लिहिता येणे, हे इंग्रजी त्याला पाहिजे. ते खानापूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलालाही एका वर्षात येऊ शकते, फक्त दर आठवड्याला एक असे टिपण लिहून घेऊन त्यावर कुणीतरी लाल पेन चालवले पाहिजे.

आणि ज्या भाषांचे ओझे वाटते, त्यांचाच उपयोग मी या मोठ्या फर्ममध्ये होताना पाहिला आहे. कर्नाटक भूसुधारणा कायद्यातली कलमे ७९-अ आणि ७९-ब २०२० मध्ये वगळली गेल्यापासून बिगरशेतकऱ्याला आणि कंपन्यांना शेतजमीन घेण्यातला मोठा अडसर दूर झाला, आणि या भागातल्या जमिनींच्या फायली मुंबईच्या फर्मकडे येऊ लागल्या. अशिलाची गुप्तता पाळायची असल्याने गाव आणि प्रकल्प सांगत नाही, पण चिकोडी-अथणीकडच्या अशा फायलीत काय असते ते सांगता येईल. संगणकावरचा पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये असतो. बँकेचा बोजा इंग्रजी गहाणखतातून चढलेला असतो. मागे जावे तशा १९५६ पूर्वीच्या फेरफार नोंदी मराठीत लागतात आणि त्याहून जुन्या कधी मोडीत. त्यातच एखादी डायरी, म्हणजे फेरफाराची नोंद, अशी निघते की, १९५० च्या मुंबई परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याखाली ही जमीन वतनदाराला कब्जेहक्काची रक्कम भरून पुन्हा बहाल झाली आहे, आणि त्या कायद्यानुसार अशी जमीन कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नव्हती. नंतरच्या खरेदीखताच्या वेळी ती परवानगी घेतली होती का, हे तपासल्याशिवाय टायटल, म्हणजे मालकीहक्क, स्वच्छ आहे असे लिहून देता येत नाही. देशातल्या नामवंत विद्यापीठांतून आलेले सहा हुशार असोसिएट भाषांतराची वाट पाहत बसलेले असतात, तेव्हा ही नोंद मूळ मराठीत आणि पुढचा उतारा मूळ कन्नडमध्ये वाचून तिथल्या तिथे प्रश्न उभा करणारा मुलगा बेळगावचा असतो. मात्र पुढचे पाऊल, म्हणजे या शंकेवरून करारात कोणती पूर्वअट घालायची आणि विकणाऱ्याकडून कोणती खास हमी घ्यायची, तिथे तो अडतो. कागद ओळखण्याची देणगी त्याला इथल्या मातीने दिली. त्या कागदाचे कराराच्या कलमात काय करायचे, हे आपण द्यायचे आहे.

आता दुसऱ्या कागदाकडे येतो. माझ्या मते हा भाग अधिक तातडीचा आहे आणि याबद्दल पालकांनाही काही माहीत नसते.

फलकावर "नोकरी" असे लिहिलेले असते. कायद्याने ती नोकरी नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला कोणत्याही व्यक्तीचा, फर्मचा किंवा कंपनीचा पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. म्हणून लॉ फर्म असोसिएटशी साधारणतः रिटेनरशिपचा करार करतात, त्याला पगार देत नाहीत तर व्यावसायिक शुल्क देतात आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापतात. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगाराची स्लिप नाही. गृहकर्जासाठी बँकेत गेल्यावर हा फरक पहिल्यांदा लक्षात येतो, आणि आयकराचे विवरणपत्र भरताना दुसऱ्यांदा, कारण पगारदाराचा कर मालकच महिन्याला कापत असतो आणि इथे उरलेल्या कराची तजवीज वर्षभर स्वतः करावी लागते. रजा, आजारपण, प्रसूतीची रजा हे सगळे बहुतेक ठिकाणी फर्मच्या धोरणावर आणि करारातल्या शब्दांवर चालते. करार संपवण्याची नोटीस किती महिन्यांची, ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, मध्येच सोडल्यास जाहीर झालेल्या बोनसचे काय होते, नंतर दुसऱ्या फर्ममध्ये जाण्यावर काही बंधन घातले आहे का आणि कंत्राट कायद्याच्या कलम २७ पुढे ते कितपत टिकेल, हे प्रश्न विचारायला असोसिएटपेक्षा योग्य माणूस कोण? तरीही आनंदाच्या भरात तो पाठवलेल्या ईमेलला तासाभरात होकार देतो, आणि फर्मसाठी इतरांचे करार रात्र रात्र वाचणारा माणूस स्वतःचा करार वाचत नाही, असा प्रकार मी नव्या मुलांमध्ये वारंवार पाहतो. मुलींना एवढे तरी आवर्जून सांगा की, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या व्यापक आहे, कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी व्यक्तीही तिच्यात येतात, आणि "तू कुठे इथली नोकर आहेस" हे उत्तर त्या बाबतीत चालत नाही.

कामाच्या वेळेबद्दलही मुलांना आधी खरे सांगावे. असोसिएटला रोज टाइमशीट भरावी लागते. अनेक फर्ममध्ये तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग केलेले असतात आणि प्रत्येक भाग कोणत्या अशिलासाठी खर्च झाला ते लिहायचे असते, कारण त्यावरून बिल निघते. क्लोजिंग जवळ आले की रात्रीचे दोन वाजणे नवलाचे राहत नाही आणि रविवार हा वार कॅलेंडरपुरता उरतो. परदेशातला अशील झोपेतून उठतो तेव्हा आपली रात्र झालेली असते, हे खरे. व्यवहाराला ठरलेली तारीख असते, हेही खरे. परंतु इतकी वर्षे हे जवळून पाहून माझे मत असे झाले आहे की, या जागरणांपैकी निम्म्याहून अधिक व्यवहारामुळे होत नाहीत, वरच्या लोकांनी काम वेळेवर वाटून न दिल्यामुळे होतात, आणि "आम्हीही असेच शिकलो" या वाक्याखाली ते खपवले जाते. बरेच असोसिएट तीन-चार वर्षांत एखाद्या कंपनीच्या विधी विभागात निघून जातात. जाणाऱ्याला कुणी नाव ठेवू नये. मात्र घरून "एवढा पगार आहे तर काढ की चार वर्षे" असा फोन येतो तेव्हा आई-वडिलांना या दिनक्रमाची कल्पना नसते, आणि ती देण्याची जागा फलकावर नसली तरी पालक मेळाव्यात निश्चित आहे.

हे सारे वाचून कुणी म्हणेल की मग मुलांनी या वाटेला जाऊच नये. तसे मी म्हणत नाही आणि म्हणण्याचा अधिकारही मला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, आणि बेळगाव, हुक्केरी, गोकाक इथल्या कोर्टांत पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरच्या हातात खरोखर काय पडते, ते आपण माझ्याहून चांगले जाणता. घरी दुसरा आधार नसलेल्या मुलाला फर्मची वाट मोकळी असलीच पाहिजे. मोठ्या फर्म कॅम्पस निवडीसाठी आपल्याकडे येत नाहीत आणि नजीकच्या काळात येतील असे मला वाटत नाही; त्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे जातात. आपल्या मुलासाठी दार उघडते ते इंटर्नशिपमधून. नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. या आठवड्यांपैकी काही शहरातल्या कंपनी सेक्रेटरीच्या किंवा चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात, किंवा एखाद्या कारखान्याच्या हिशेब विभागात घालवले, तर मुलाला सभासद नोंदवही, सभेचे इतिवृत्त, शेअर हस्तांतरणाचा एसएच-४ फॉर्म आणि बँकेचे मंजुरीपत्र प्रत्यक्ष हाताळायला मिळेल. मग मुंबईच्या फर्ममध्ये चार आठवड्यांसाठी गेल्यावर त्याचा पहिला आठवडा कागदांची नावे शिकण्यात जाणार नाही. इंटर्नशिपची डायरी मित्राची पाहून भरण्याची सोय आपण बंद केलीत, तर सुरुवातीला विद्यार्थी नाराज होतील, याची मला पुरेपूर कल्पना आहे.

एक आक्षेप मी आधीच ऐकलेला आहे, आणि तो एका अनुभवी प्राध्यापकांकडून आला म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे. शंभरातली दोन मुले मोठ्या फर्ममध्ये जाणार. त्यांच्यासाठी सगळ्या वर्गाला दीडशे पानांचा करार कशाला? बाकीचे तर इथल्याच कोर्टात बसणार. पण इथल्या कोर्टात काय येते ते पाहावे. उद्यमबागेतला कारखानदार वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवतो. त्याच्याकडे खरेदीदाराचा छापील पुरवठा करार ईमेलने येतो, साठ पाने, इंग्रजीत, खाली "सही करून पाठवा" एवढीच सूचना. माल सदोष निघाल्यास संपूर्ण असेंब्लीचा खर्च पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क, दर महिन्याच्या बिलातून परस्पर वळते करून घेण्याचा हक्क आणि वाद झाल्यास लवाद दूरच्या महानगरात, हे सगळे त्या साठ पानांत असते. कारखानदाराला त्याचा पत्ता बिलातून पहिली मोठी रक्कम कापली गेल्यावर लागतो, आणि तेव्हा तो आपल्या माजी विद्यार्थ्याकडेच येतो. सही होण्याआधी येण्याची सवय त्याला लागलेली नाही, कारण सहीआधी करार वाचून देणारा वकील गावात आहे हे त्याला कुणी दाखवलेले नाही. त्याच वाचनाची सवय वडगावातल्या घराच्या साठेखताला, पतसंस्थेच्या कर्जाच्या जामीनपत्राला आणि खानापुरातल्या भागीदारीच्या दस्तालाही लागते.

येत्या सत्रासाठी माझा प्रस्ताव असा आहे. मी आणि इथूनच शिकून मुंबई, पुणे, बेंगळूर येथे अशाच कामात असलेले काही जण मिळून शिकवण्यापुरता एक नमुना शेअर खरेदी करार, एक भागधारकांचा करार आणि रिटेनरशिपचा एक नमुना कोणत्याही अशिलाची किंवा फर्मची माहिती न वापरता तयार करून देऊ शकतो. शनिवारी दुपारी, आठवड्यातून एकदा, पाळीपाळीने ऑनलाइन वर्गही घेऊ. विद्यापीठाच्या चौकटीला धक्का न लावता ते ड्राफ्टिंगच्या तासांत बसवता येतील. मानधन, प्रवासखर्च किंवा हार-श्रीफळ यांपैकी कशाचीही अपेक्षा नाही. अट एकच ठेवतो: ड्राफ्टिंग शिकवणारे आपले प्राध्यापक त्या प्रत्येक तासाला वर्गात उपस्थित असावेत आणि विद्यार्थ्यांची टिपणे आमच्याबरोबर त्यांनीही तपासावीत, कारण पुढच्या वर्षीपासून तो वर्ग त्यांनीच घ्यायचा आहे. ज्या महाविद्यालयाला हे मान्य असेल त्यांनी सत्राचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी माजी विद्यार्थी संघामार्फत कळवावे, म्हणजे नमुने वेळेत पोहोचवता येतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
बेळगावचा एक माजी विद्यार्थी,
सध्या मुक्काम मुंबई